पाच दिवसांच्या नातवाचे दात

हे कुणालाच खरं वाटणार नाही, आणि वाटावं असा माझा हट्टही नाही. माझ्या नातवाचे दात मी तो पाच दिवसांचा असताना मोजले. जन्मून पाच दिवस झालेला नव्हे. तेव्हा तो आईच्या पोटातसुद्धा गेला नव्हता. सोलापुरात एका काचेच्या बशीत होता, मिठाचा खडा शेजारी ठेवला तर डोंगर वाटावा एवढा. आणि मी त्याचा जबडा उघडून दात मोजले.

वर तो माझा नुसता नातू नाही, पणतूही लागतो. पहिलं खोटं म्हणा, दुसरं म्हणू नका. दुसरं कसं ते पुढं येतंच.

मी निंगप्पा. अक्कलकोटच्या खाली आमचं गाव, जिथं लोक कानडीत भांडतात आणि मराठीत समेट करतात. चाळीस वर्षं हेडी होतो, म्हणजे जनावरांच्या बाजारातला दलाल. विकणारा आणि घेणारा यांच्यामधे टॉवेल धरायचा, टॉवेलखाली बोटं दाबून सौदा जुळवायचा आणि दोघांनाही वाटू द्यायचं की निंगप्पा आपल्याच बाजूचा. या धंद्यात कधीच खोटं न बोललेला माणूस मी एकच पाहिला. तो मुका होता.

हा किस्सा मी ज्यांना सांगितला, त्यांना जसा सांगितला तसाच तुम्हाला सांगतो.

जागा सात रस्त्याजवळच्या एका दवाखान्याचा दुसरा मजला. मूल होत नाही म्हणून लोक येतात तो दवाखाना. चपला दाराबाहेर, टोकन हातात, भिंतीवर गुबगुबीत बाळांचे फोटो, आणि त्या बाळांच्या मधोमध इथं गर्भलिंगनिदान होत नाही अशी पाटी. माझा मुलगा सिद्धू आणि सून महादेवी आत डॉक्टरीणबाईंकडं गेले होते. मी बाहेर बाकावर. आत दोनच खुर्च्या असतात, म्हणून.

शेजारी सांगोल्याकडचं एक जोडपं बसलं होतं. नवरा जोतिराम, घरची शंभरेक मेंढरं, अंगाला अजून लोकरीचा वास. बायको सोनाली, मांडीवर फॉर्म घेऊन पहिल्याच पानावर अडलेली, पेनाचं टोपण दातात.

"हितं काय लिवायचं?" ती हळूच म्हणाली. "लग्नाआधी पती-पत्नीत नातं होतं का, म्हणून इचारलंय."

"न्हाय लिही."

"अवो, मी तुमच्या मामाची पोरगी न्हवं का?"

"ती सगळ्यांचीच असती. त्याला काय नातं म्हणत्यात व्हय? आई फोनवर काय म्हणली? नात्याचं काढू नका, नायतर दारातनंच माघारी लावून देत्यात."

"आन् वन्संच्या राजनंदिनीचं? खाली इचारलंय, घरात जन्मापासनं कुणाला आजार हाय का."

"ती येगळ्या घरची."

"नऊ वर्साची झाली. अजून उशा लावून बसवावी लागती तिला."

"सोनाली, लिही म्हणतोय न्हवं, न्हाय म्हणून."

तिचं पेन कागदावर टेकलं आणि तिथंच थांबलं. दोन माणसं अशी अडलेली दिसली की माझा हात आपोआप खांद्यावरच्या टॉवेलकडं जातो. मी म्हणालो, "पोरी, आण ते पेन हिकडं. ह्या फॉर्मातला मी जुना जाणता हाय."

तिनं दिलं. जोतिराम मला वरून खालपर्यंत न्याहाळत म्हणाला, "आबा, तुमी हितं? कितवी बायकू?"

"पहिलीच. चंद्रव्वा. तिला जाऊन अकरा वर्सं झाली. ती असती तर मला हितं तोंड उघडू दिलं नसतं."

"मग आलाय कशाला?"

"नातवाला भाऊ आणायला," मी म्हणालो. आणि मग त्यांना सगळं सांगितलं.

माझी थोरली गंगम्मा. तिच्या पाठीवर बारा वर्षांनी सिद्धू. गंगम्माला मुलगी झाली ती महादेवी, आणि महादेवी वयात आली तेव्हा मी तिला सिद्धूला दिली. आमच्याकडं बहिणीच्या मुलीवर पहिला हक्क मामाचा. मुलगी आजोळी नांदायला येते, तिला घर नवं नसतं, घराला ती नवी नसते. लग्नानंतरसुद्धा महादेवी मला सासऱ्याला म्हणतात तसं मामा म्हणायची नाही. लहानपणापासून अज्जा, म्हणजे आजोबा, म्हणत आली, अज्जाच म्हणत राहिली. आता तिचं पोर माझ्या मुलाचं म्हणून नातू आणि माझ्या नातीचं म्हणून पणतू. हिशेब तुम्हीच लावा.

"म्हंजे आमच्यापेक्षा तुमचं नातं जवळचं," सोनाली म्हणाली.

"लई जवळचं. जोडी मीच जमवलेली. जिल्ह्यात माझ्या हातनं जमलेली जोडी कधी फुटली न्हाय, बैलाची बी न्हाय आन् माणसाची बी न्हाय."

मग मी आवाज उतरवला. का उतरवला कोण जाणे. त्या बाकावर सगळेच हळू बोलतात.

महादेवीला लग्नानंतर सहा वर्षांनी पहिलं मूल झालं. मुलगा. दिसायला लोण्याचा गोळा, आणि दुर्दैवानं होताही तसाच. उचलला की हात एकीकडं, मान दुसरीकडं. पाय बेडकासारखे पसरून पडायचा. रडायचा तर मांजराच्या पिलाएवढा आवाज. छाती हलायचीच नाही, श्वास सगळा पोटात. डोळे मात्र असे की खोलीत कोण आलं, कोण गेलं, सगळं टिपायचे. गावात कुणी म्हणालं दृष्ट, कुणी म्हणालं बाहेरचं. सातव्या महिन्यात छातीत कफ भरला आणि गेला. सरकारी दवाखान्याच्या कागदावर न्युमोनिया लिहिलं.

मला ते पोर पाहिल्या दिवशीच कळलं होतं. माझी बहीण काशम्मा, तिला मामाच्या घरी दिलेली. तिची दोन अशीच गेली होती, मी तेव्हा पंचवीस वर्षांचा. आई त्यांना कापसाची लेकरं म्हणायची. मी महादेवीचं पोर मांडीवर घेतलं, बगलेत हात घालून उचललं, तर ते माझ्या हातातून खाली ओघळलं. मी उठून बाहेर गेलो. कुणालाच काही बोललो नाही.

"का न्हाय बोलला?" सोनालीनं विचारलं.

"हेडी हाय मी. ऐक."

एकदा सांगोल्याच्या बाजारात मी डाव्या डोळ्यानं आंधळा खिलार विकला. घेणाऱ्याला सगळा वेळ बैलाच्या उजव्या अंगाला उभा केला, उन्हाचं निमित्त काढून. आठ दिवसांनी तो तावातावानं आला. मी म्हणालो, पाव्हणं, तुमी खोड इचारली होती का? आमच्यात नियम आहे. खोड सांगणं विकणाऱ्याचं काम नाही. बघून घेणं घेणाऱ्याचं. तो पुढं दुसऱ्या खेपेला माझ्यासाठी पेढे घेऊन आला. बैल शर्यतीत पहिला आला होता, कारण शेजारचा बैल पुढं जातोय हे त्याला दिसतच नव्हतं.

जोतिराम मोठ्यानं हसला. फोटोतल्या बाळांखाली बसलेल्या दोन-तीन बायकांनी वळून पाहिलं. सोनाली हसली नाही.

तर पुढं सात वर्षं काही नाही. तपासलं तेव्हा कळलं, महादेवीच्या नळ्या बंद. बाहेरच बीज जुळवायचं, म्हणून हा दवाखाना. पहिल्यांदा येताना एसटीत मी दोघांच्या मधे बसून त्यांना पढवलं. महादेवी, आजपास्नं मला मामा म्हणायचं. सिद्धू, तू तर बोलूच नको. नात्यातलं आहे म्हटलं की हे लोक माघारी लावतील, आणि उद्या गावभर होईल की गंगम्माच्या रक्तात दोष आहे. एवढं मी मोठ्यानं म्हणालो. मोठ्यानं जे म्हणालो नाही ते असं की जोडी मी जमवली होती.

महादेवी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आन् बाळाचं?"

"न्युमोनिया. कागद हाय की."

इथं सृष्टी नावाची एक मुलगी फॉर्म भरून घेत होती. कानात मोती, आवाज गोड. लग्न नात्यातलं का? सिद्धूनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, छे, बेडगू वेगळं. बेडगू म्हणजे आमच्यातलं कूळ. ते बापाकडून चालतं, त्यामुळं वेगळं होतंच. म्हणजे खोटं काही नव्हतं. बैल दाखवताना आम्ही असंच करतो, धड दात दाखवायचे आणि पडलेल्यावर ओठ ओढून धरायचा.

"पहिलं बाळ?" तिनं विचारलं.

मी कागद पुढं केला.

दोनदा बीज जुळवून सोडलं, दोन्ही वेळा रुजलं नाही. तिसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता सोडण्याआधी गर्भ तपासून घेऊ. पाच दिवस बशीत वाढवायचा, मग वरच्या पापुद्र्यातल्या पाच-सहा पेशी काढून बाहेरच्या लॅबला पाठवायच्या आणि गर्भ गोठवून ठेवायचा. कशात गोठवणार म्हणून मी विचारलं, तर म्हणाल्या नायट्रोजनच्या भांड्यात, बारीक कांडीत घालून. मला हसू फुटलं. आमचा जनावरांचा डॉक्टर मोटरसायकलला तेच भांडं बांधून गावोगाव फिरतो, गाय माजावर आली की कांडी काढून सोडतो. मी म्हणालो, बाई, मग हे आमचंच काम की, तुम्ही एसीत बसून करताय एवढंच.

चार गर्भ पाचव्या दिवसापर्यंत टिकले. बाईंनी पडद्यावर दाखवले. टम्म फुगलेली भाकरी असते, पापुद्रा सुटलेली, तसा गोल, आणि आतल्या अंगाला एका कडेला चिकटलेला गोळा. तो गोळा म्हणजे बाळ होणार, आणि पापुद्र्याची वार होणार. प्रत्येकाला नंबर, प्रत्येकाला दोन अक्षरं. पहिलं अक्षर बाळाचं, दुसरं वारेचं. पहिला गर्भ होता एए. म्हणजे आमच्या भाषेत शिंगापासून शेपटीपर्यंत नाव ठेवायला जागा नाही.

आता ऐका. मी खुर्ची पुढं ओढली, पडद्याला नाक लावलं आणि म्हणालो, बाई, ह्याचा जबडा दावा. बाई म्हणाल्या, काका, अजून जबडा नाही. मी म्हणालो, तुम्हाला दिसत नाही. मी अंगठा आणि तर्जनी पडद्यावर टेकवली, हलकेच ताणली, आणि पोरानं आ केला. एक, दोन, तीन, चार करत आठ. खालचे सगळे दुधाचे, एक पडलेला नाही. आदत खोंड. मी त्याच्या पाठीवर थाप मारली तर त्यानं शेपूट उडवली आणि माझ्याकडं अशी मान वळवली.

"मान वळवली," जोतिराम म्हणाला.

"वळवली."

"आबा, तुमी लई थापा मारताय."

"म्हणलं न्हवतं का, कुणी खरं मानणार न्हाय."

रिपोर्ट आला. दोन गर्भांत गुणसूत्रं कमी-जास्त, ते बाद. दोन बरोबर, सेहेचाळीसच्या सेहेचाळीस. त्यातला एक हा एए आणि दुसरा चार नंबरचा, अंगानं बारका. मी सिद्धूच्या पाठीत धपाटा घातला. पण डॉक्टरीणबाईंनी कागद खाली ठेवला नाही. त्या म्हणाल्या, "काका, एक समजून घ्या. ह्या तपासणीत आम्ही फक्त पानं मोजली. सेहेचाळीस पानांचं पुस्तक आहे, पानं पूर्ण आहेत. पानावर काय लिहिलंय ते वाचलेलं नाही. घरात एखादा ठरावीक आजार चालत आलेला असेल तर तेवढं पान उघडून वाचता येतं. पण कुठलं पान, ते तुमच्याकडून कळायला हवं. तसं काही आहे का?"

मी म्हणालो, नाही.

"लहान वयात गेलेली मुलं? अंगात ताकद नसलेली?"

नाही.

मग त्यांनी माझ्याकडं बघणं सोडलं आणि महादेवीकडं वळल्या. "तुम्ही सांगा. पहिल्या बाळाची मान बसली होती का?"

महादेवीनं तोंड उघडलं. अ एवढंच तिच्या ओठावर आलं. मला ठाऊक होतं पुढं काय येणार, आधी माझी हाक येणार आणि मग बाकी सगळं. मला जोराचा खोकला आला. एवढा आला की सृष्टी पाणी घेऊन धावत आली, सिद्धू माझी पाठ चोळायला लागला. खोकला थांबला तेव्हा मीच म्हणालो, "चांगली बसली होती, बाई. ताप निमित्त झाला."

महादेवीनं तोंड मिटलं.

हे सांगून झाल्यावर मी जरा थांबलो. अशा जागी ऐकणाऱ्यानं मांडीवर थाप मारायची असते. तीन वेळा विचारलं आणि तीनही वेळा हेडी हातातून निसटला. जोतिरामनं मारलीसुद्धा. सोनाली माझ्या हातातल्या तिच्या पेनाकडं बघत होती.

"आबा," ती म्हणाली, "खोड बघून घ्यायची ती घेणाऱ्यानं. हितं तर घेणारं तुमीच होता की."

चाळीस वर्षांत टॉवेलखाली माझं बोट कुणी असं दाबलं नव्हतं. मी आधी खोकून बघितलं, पण खोकला नेमका आला नाही.

"आता त्येला काय," मी म्हणालो. "निघालं ना सगळं बरोबर."

"निघालं?" जोतिराम पुढं सरकला.

"मग. म्हणून तर सांगतोय."

आणि मी सांगायला लागलो. एए कांडी महादेवीच्या पोटात सोडली, पंधराव्या दिवशी रक्तात दिसलं. नऊ महिने तिनं ज्वारीचं कणीस मोडलं नाही. पोरगा झाला. जन्मला तोच अशी किंकाळी फोडली की सात रस्त्यावर सातही बाजूंच्या रिक्षा थांबल्या. नाव मल्लिकार्जुन, आम्ही मल्लू म्हणतो. नर्सनं पाय ओढून बघितला तर त्यानं तिचं घड्याळ उडवलं लाथेनं.

"बघ," जोतिराम सोनालीला म्हणाला. "ऐकतीस का?"

"दुसऱ्या महिन्यात मान धरली," मी म्हणालो. "दुसऱ्या. लोकांची चौथ्यात धरत्यात. मी बगलेत हात घालून उचलला तर दगडासारखा ताठ. माझ्या मिशीला लोंबकळला. तिसऱ्यात बसला. चौथ्यात उंबऱ्याला धरून उभा. गंगम्मा म्हणली, अप्पा, ह्याला दावं लाव, न्हायतर बाजारात जाईल एकटा."

"आता केवढा?"

"दीड वर्साचा. गड्ड्याच्या यात्रेत ह्या खांद्यावर बसवून नेला. बैलाच्या तोंडात हात घालायचा, दात मोजायला. रक्तातच हाय."

"झालं तर मग," जोतिराम म्हणाला. "आबांचं एवढं जवळचं नातं, त्यात कापसाची लेकरं घरात, तरी काय सांगितलं न्हवतं. काय वाईट झालं? आमच्याकडं तर एक राजनंदिनीच. ती बी येगळ्या घरची. द्या आबा पेन, मीच लिवतो."

त्यानं फॉर्म सोनालीच्या मांडीवरून ओढून घेतला. तिनं कोपरा धरून ठेवला होता, तो सुटताना थोडा फाटला. जोतिरामनं माझ्यापुढं हात पसरला.

मी पेन दिलं नाही. खिशात घातलं आणि पुढं बोलत राहिलो. मल्लू कसा पळतो, मल्लू कसा कोंबड्या हाकतो. कोंबड्या त्याला भिऊन कौलावर अंडी घालतात. मल्लू पाण्याच्या टाकीवर चढला. मला वाटत होतं, मी थांबलो की हा माणूस पेन मागेल. आणि दुसरंही एक होतं. मी बोलत होतो तोवर तो पळत होता.

"आबा, पेन," जोतिराम म्हणाला.

"देतो की. आदी त्याची दाढ आली ती ऐक."

"आबा, टोकन लागंल आमचं."

"वरची दाढ. पाचव्या महिन्यात."

आतलं दार उघडून महादेवी बाहेर कधी आली ते मला कळलं नाही. तिच्या दोन्ही कोपरांच्या आत कापूस चिकटवलेला होता. मागं सिद्धू, त्याच्याही कोपरात कापूस. ती फोटोतल्या बाळांखाली उभी होती. किती वेळ ऐकत होती, ते तिलाच ठाऊक.

"मल्लूनं मान धरली न्हाय, अज्जा," ती म्हणाली.

आवाज चढला नव्हता. चुलीजवळ बसून पीठ संपलंय म्हणावं तसं म्हणाली.

"आत्ता आली नव्हं का," मी म्हणालो. "ह्यांना मी जरा..."

"एकदाबी धरली न्हाय. बसला न्हाय. रडला तर शेजारच्या खोलीत ऐकू यायचं न्हाय. आठवा महिना लागला आन् गेला, पहिल्यासारखाच. डोळ्यांनी तेवढा सगळ्यांच्या मागं फिरायचा. तू खोलीत आलास की तुझ्यामागं फिरायचा, म्हणून तू यायचास न्हाय."

जोतिरामचा पसरलेला हात तसाच होता. मग त्यानं तो हळूहळू मागं घेऊन मांडीवर ठेवला.

महादेवी सोनालीपुढं येऊन उकिडवी बसली. फाटलेला कोपरा तिनं बोटानं सपाट केला. "ताई, आज आत सगळं सांगितलं. आमचं लग्न, माझी दोन्ही, अज्जाच्या बहिणीची दोन्ही. आमच्या दोघांचं रक्त घेतलं. ते पान सापडलं तर राहिलेलं चार नंबरचं उघडून वाचत्यात. बाई रागावल्या न्हाईत. कुणाला माघारी बी लावत न्हाईत. एवढंच म्हणल्या, हे तवा म्हायती असतं तर."

"माझ्या वन्संची पोरगी," सोनाली म्हणाली. "नऊ वर्साची हाय."

"लिही तिचं. नाव, वय, काय होतंय, सगळं लिही."

सिद्धू दाराशी उभा होता. मी टॉवेल खांद्यावरून काढून हातावर घेतला, सवयीनं, आणि मग काय करावं ते न कळून तसाच धरून बसलो.

"दात मात्र मी मोजले होते, महादेवी," मी म्हणालो. "ते तरी..."

"खोटं हाय ते, अज्जा," ती म्हणाली. "सगळं खोटं हाय. त्यांचं पेन दे."